चारी दिशांचे घर

इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून जुन्या उमरावांचे वाडे आणि त्यांच्या बागा पाहायला जाण्याची रीत आहे. लोक दिवाणखान्यातली तैलचित्रे पाहतात, तळ्याकाठी बसून बरोबर आणलेले खातात आणि संध्याकाळी आपापल्या घरी परततात. त्या सुखात एक काटा असतो. हे सगळे कुणाचे तरी होते आणि आपले नव्हते, ही जाणीव दाराच्या कोयंड्यापासून बागेतल्या बाकापर्यंत सोबत करते. बोरिवली-कांदिवलीच्या माणसाला असा वाडा जवळ नाही. त्याला जवळ आहे कान्हेरी. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत, काळ्या बसाल्टच्या डोंगरात कोरलेली शंभराहून अधिक लेणी, आणि भोवती रान. रविवारी सकाळी माणसे बसने, भाड्याच्या सायकलींवर, पायी तिथे जातात, डबे उघडतात, माकडांपासून पिशव्या सांभाळतात आणि उन्हे कलली की परत फिरतात. या जाण्याला काही धार्मिक अर्थ आहे का, असे विचारले तर भाविक म्हणेल, ही सहल आहे, यात्रा नव्हे. सहलीला गेलेला म्हणेल, उगाच आमच्या सहलीला धर्म चिकटवू नका. माझे मत दोघांहून वेगळे आहे. मालकीशिवायचा उपभोग हा आपल्याकडच्या धर्मविचारातला एक जुना, अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे एक उत्तर कान्हेरीच्या दगडात कोरून ठेवलेले आहे. सकाळी येऊन संध्याकाळी निघून जाणारा माणूस त्या उत्तराच्या, त्याला ठाऊक नसले तरी, बराच जवळ उभा असतो.

प्रश्न असा आहे. ईशावास्याचा पहिलाच मंत्र सांगतो की त्यागून भोग घे, दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नकोस. विनोबांनी या उपनिषदावर स्वतंत्र वृत्ती लिहिली, ती या सूत्राचे मोल ओळखूनच. पण सूत्र म्हणून हे जितके सुंदर, तितके व्यवहारात उतरवायला कठीण. जे सोडले ते भोगायचे कसे? आणि जे भोगायचे आहे ते जपायचे, दुरुस्त करायचे, त्याचे पाणी भरायचे कुणी? घर सोडून निघालेल्या माणसाला पावसाळ्यात छप्पर लागतेच. बौद्ध भिक्षूंसमोर हा पेच पहिल्या काही वर्षांतच उभा राहिला. भर पावसात हिंडणारे भिक्षू कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि वर्षावासाचा नियम झाला. चार महिन्यांच्या पावसाळ्यातले तीन महिने एका जागी राहायचे. राहायचे म्हटले की खोली आली, खोली आली की तिच्यावर हक्क सांगणारा आला. गृहत्यागाच्या धर्माला घर बांधावे लागले, आणि ते कुणाचेही होऊ नये याची व्यवस्थाही लावावी लागली.

कान्हेरीकडे आधी नुसते घर म्हणून पाहावे. लेणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मूर्ती येतात. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीतले सुमारे सात मीटर उंचीचे दोन बुद्ध पाहून माणसे थबकतातही. पण इथल्या बहुसंख्य लेण्यांत मूर्ती नाही, किंवा असली तर पुढच्या काळात भर घातलेली आहे. तिथे काय आहे? चार पायऱ्या, एक अंगण, अंगणाच्या कडेला बसायला दगडी बाक, दोन-चार खांबांची ओसरी, आत एक दालन, त्याला लागून झोपायची कोनाड्यासारखी खोली, आणि दाराशी पाण्याचे टाके. शिलालेखांत त्याला पोढी म्हटले आहे आणि गडकोट हिंडणारी मंडळी आजही तोच शब्द वापरतात. डोंगराच्या उतारावर पावसाचे पाणी अडवून बारीक पन्हळींनी एकेका पोढीत उतरवले आहे. काही टाकी अजून भरतात. एका लेण्यातून दुसऱ्याकडे जायला खडकात पायऱ्या खोदल्या आहेत. अकराव्या लेण्यात, ज्याला दरबार म्हणतात, मधोमध लांबच्या लांब दोन बुटके दगडी ओटे आहेत, समोरासमोर पंगत मांडावी तसे. पठणाला बसत असोत की जेवायला, इतकी माणसे एकत्र बसत हे नक्की. पुढच्या बाजूला, वाटेच्या कडेला, दिवंगत भिक्षूंच्या स्मृतीचे विटांचे स्तूप ओळीने होते. जन्म सोडून बाकी सगळे ज्या घरात घडते असे हे घर, सुमारे इसवी सनाच्या सुरुवातीपासून हजार वर्षे वापरात होते. मुंबई उपनगरातली कुठलीही इमारत आज तीस-चाळीस वर्षांत पुनर्विकासाला जाते, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

हे घर बांधले कुणी? लेखांमधून जी माणसे भेटतात ती बहुतेक साधी, कमावती आहेत. कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याचे, चेमुल म्हणजे आजच्या चौलचे. सोनार, लोहार, खजिनदार. गृहस्थांच्या बायका, विधवा, आणि स्वतः भिक्षू-भिक्षुणीही. मोठे चैत्यगृह यज्ञश्री सातकर्णीच्या काळात व्यापारी भावांनी कोरवायला घेतले. कुणी पूर्ण लेणे दिले, कुणी एक पोढी, कुणी बसायचे बाक, कुणी वाट. कुणी अक्षयनीवी ठेवली; म्हणजे मुद्दल कधी मोडायचे नाही आणि व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूला चीवर, पायताण द्यायचे. नवव्या शतकात, शिलाहार राजे राष्ट्रकूटांचे मांडलिक होते तेव्हाच्या लेखांत, दुरुस्तीसाठी, वस्त्रांसाठी आणि पुस्तकांसाठी द्रम्म ही नाणी बाजूला काढलेली दिसतात. 853 च्या सुमारास शंभर द्रम्म देणारा अविघ्नाकर गौड देशाचा, म्हणजे बंगालचा. 1839 मध्ये जेम्स बर्ड या डॉक्टराने चैत्यगृहासमोरचा स्तूप उकरला तेव्हा पाचव्या शतकाच्या अखेरचा एक ताम्रपट मिळाला; त्यातला दाता सिंधू देशाचा होता. पण दाते किती आणि कुठले यापेक्षा त्यांनी दान कुणाला दिले, ते मला महत्त्वाचे वाटते. लेखांतले ठरीव पालुपद असे की हे दान चारी दिशांच्या भिक्षुसंघाला आहे. कान्हेरीच्या संघाला नव्हे, अमुक आचार्यांना नव्हे. पूर्वेकडून आज येईल त्याला, पश्चिमेकडून पन्नास वर्षांनी येईल त्यालाही. ज्याचा अजून जन्म झालेला नाही अशा माणसाला कल्याणच्या व्यापाऱ्याने खोली देऊन ठेवली होती.

हे केवळ उदार बोलणे नव्हते, त्यामागे कायदा होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे, आणि ज्याने सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा पाहिली आहे त्याला तो अगदी ओळखीचा वाटेल. कीटागिरीच्या भिक्षूंना कळले की बुद्ध येत आहेत आणि बरोबर त्यांचे पट्टशिष्य सारिपुत्त, मोग्गल्लान आहेत. या दोघांना जागा मिळू नये म्हणून त्यांनी घाईघाईने संघाच्या सगळ्या खोल्या आपापसांत वाटून टाकल्या. पाहुणे आले तेव्हा उत्तर तयार होते: संघाची अशी जागा उरलीच नाही, सगळे ज्याचे त्याचे झाले. त्यावर नियम झाला की बाग आणि बागेची जमीन, विहार आणि विहाराची जमीन, खाट-बिछाना, लोखंडी-पितळी भांडी-हत्यारे, इतकेच काय वेल, बांबू आणि माती यांचीही वाटणी होऊ शकत नाही. असल्याच वस्तूंबद्दल दुसरा नियम असा की त्या कुणाला देऊनही टाकता येणार नाहीत. कुणी दिल्याच तर त्या दिल्या गेल्या असे धरायचे नाही. संघाने एकमताने ठराव केला तरी नाही. खोल्या कुणाला कुठली हे ठरवायला एक भिक्षू नेमला जाई, पण वर्षावास संपला की त्या खोलीवरचा हक्कही संपे. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टला 1907 च्या कायद्याने आपली जमीन अहस्तांतरणीय ठरवण्याचा अधिकार मिळाला आणि 1937 नंतर उमरावांचे वाडे त्या छत्राखाली यायला लागले. या शोधाचे तिकडे योग्य कौतुक होते. तरी दोन्हींत एक मोठा फरक राहतो. तिथे वाडा आधी एका घराण्याचा होता आणि मग सर्वांचा झाला, म्हणून पाहणारा अजूनही त्या घराण्याचा पाहुणा असतो. कान्हेरीची खोली पहिल्या छिन्नीपासून कुणाचीच नव्हती. तिथे कुणाकडे पाहुणा म्हणून जायचे, असा प्रश्नच उठत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. दान भिक्षूंना होते. सोपाऱ्याच्या माणसाने पैसे मोजले ते आई-वडिलांना पुण्य लागावे म्हणून, एकविसाव्या शतकातल्या कुटुंबाला वेफर्स खायला सावली मिळावी म्हणून नव्हे. चारी दिशांच्या संघात वाटेल तो माणूस कसा शिरला? कायद्याने तो शिरत नाही, हे मी मान्य करतो. पण विहाराची जागा कशी असावी याची जुनी अट पाहा. बिंबिसाराने राजगृहाजवळचे वेळुवन दिले तेव्हा जो विचार केला, आणि पुढे अनाथपिंडिकाने श्रावस्तीत जेतवन शोधताना जो केला, तो एकच आहे: जागा गावापासून फार दूर नको, फार जवळ नको, जायला-यायला सोयीची हवी, ज्याला यावेसे वाटेल त्याला येता यावे, दिवसा गर्दी कमी आणि रात्री शांतता. येणाऱ्याची सोय ही विहाराच्या व्याख्येतच होती. कान्हेरी या अटीत नेमकी बसते. सोपारा आणि कल्याण ही बंदरे एका दिवसाच्या टप्प्यात, आणि मध्ये डोंगराचा आडोसा. ओसरीतले शिलालेख अंधाऱ्या गाभाऱ्यात नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडावेत असे कोरले आहेत. लेख वाचणारा कुणी येणार, हे गृहीतच होते. आणि असे लोक खरोखर येत. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, 1009 आणि 1021 या वर्षांचे. त्यांत जरथुष्ट्री पाहुण्यांच्या मंडळींची नावे आहेत, बापाच्या नावासकट. ते दीक्षा घ्यायला आले नव्हते. त्यांनी दान दिल्याचाही उल्लेख नाही. ते आले, त्यांनी पाहिले, नावे कोरली आणि ते गेले. बोरिवलीच्या सहलीचा हजार वर्षांपूर्वीचा दाखला मला तरी याहून स्पष्ट मिळत नाही.

नावे कोरण्यावरून मात्र एक गोष्ट खटकते आणि ती झाकून पुढे जाता येत नाही. आज कुणी लेण्याच्या भिंतीवर बदाम काढून दोन नावे लिहिली तर 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि तसा तो असलाच पाहिजे. पहलवी नावांना मात्र आपण पुरावा म्हणून जपतो. दात्यांनीही आपली नावे कोरलीच. लेणे दिले, पण नाव सोडले नाही. म्हणजे मालकी गेली तरी मालकीची खाज दगडात उरली, असे कुणी म्हणेल. मी म्हणेन की दात्याच्या नावाने निदान एक सौदा पूर्ण केला होता. नाव घेतले आणि बदल्यात घर सोडले. बदाम काढणारा काहीच सोडत नाही. पहलवी मंडळी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहेत, आणि हजार वर्षे उलटली म्हणून आपण त्यांना माफ केले आहे, हे कबूल करावे.

दुसरा आक्षेप घरचाच आहे आणि पहिल्यापेक्षा सूक्ष्म आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाला बसायची जागा कशी असावी याचे सविस्तर वर्णन आहे. गीतेने दोन शब्दांत शुद्ध जागा म्हणून संपवले तिथे ज्ञानदेव झाडे, निर्मळ पाणी, मंद वारा, पाखरे यांनी अख्खी बाग उभी करतात. जागा इतकी रम्य असावी की वाट चुकून आलेल्या विलासी माणसालाही परत जायचे भान राहू नये, नास्तिकालाही तपाला बसावेसे वाटावे, राज्य टाकून निवांत इथेच राहावे असे शृंगारात रमलेल्यालाही वाटावे. पण त्याच वर्णनात अट आहे की सामान्य लोकांच्या पायरवाने ती जागा तुडवली जाऊ नये. मग रविवारी हजारो पाय तिथे नेण्याचे समर्थन कसे करायचे? इथे दोन गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या आहेत हे पाहिले पाहिजे. साधकाला एकांत हवा, आणि असाधकाला तिथे चुकून का होईना पोहोचता यायला हवे. तो विलासी माणूस तिथे साधना करायला आलेला नाही. जागेच्या सौंदर्याने त्याच्यात काहीतरी घडते, आणि ज्ञानदेवांना त्यात काही गैर वाटत नाही. उलट जागेचा गुण ते त्यावरूनच ठरवतात. सौंदर्याचा भोग वैराग्याच्या आड येतो ही समजूत आपण नंतर घट्ट केली. थेरगाथेत, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या गाथांत, महाकस्सपाच्या नावावर डोंगराचे जे वर्णन आहे, त्यात पावसाळी ढग, ओला खडक आणि मोर यांच्यात मन रमते असे म्हणून, तिथे एकाग्र चित्ताने धर्म पाहणाऱ्याचा आनंद वाद्यांच्या मैफलीहून मोठा ठरवला आहे. महाकस्सप म्हणजे संघातला सर्वांत कठोर तपस्वी. त्याला डोंगर आवडे, आणि तो आवडतो हे सांगायला त्याला संकोच वाटला नाही. तेव्हा दोष रम्यतेचा नव्हे, तुडवण्याचा आहे. प्लास्टिकची पिशवी, मोठ्याने लावलेले गाणे, पोढीत फेकलेली बाटली यांना मी धार्मिक अर्थाने अपराध मानतो. कारण चारी दिशांनी पुढे येणाऱ्याचे ते हिरावून घेतात. चुल्लवग्गाने भिक्षूला मातीसुद्धा वाटून घेऊ दिली नाही, तर सहलीला आलेल्याला पाणी नासवायचा अधिकार कुठून आला?

मालकी आवळली की काय होते हे पाहायचे तर बोरिवलीच्याच पश्चिमेला मंडपेश्वरला जावे. सहाव्या शतकाच्या आसपासचे शैव लेणे, सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याचे चर्च केले, भिंतीवर क्रूस कोरला, वर मठ बांधला. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यावर पुन्हा महादेव आला. प्रत्येक मालकाने आधीच्याची भिंत पुसली. कान्हेरीच्या चैत्यगृहाचेही त्याच पाद्र्यांनी सेंट मायकेलचे चर्च केले होते, पण ते तिथे टिकले नाही. आज महाशिवरात्रीला बोरिवलीहून कान्हेरीला बेस्टच्या जादा गाड्या सुटतात आणि बुद्धाच्या डोंगरावर शंकराच्या नावाने माणसे जातात. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा गोंधळ आहे. चारी दिशांच्या दृष्टीने मला तो तितकासा वाटत नाही.

तरी एका गटाचे म्हणणे या सगळ्यापेक्षा गंभीर आहे. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या लक्षावधी माणसांसाठी कान्हेरी हे अवशेष उरले नाहीत. बुद्धपौर्णिमेला ते तिथे वंदनेला जातात. त्यांनी विचारले की आमच्या वंदनेच्या जागेत तुमच्या पोळीभाजीचे काय काम, तर काय सांगायचे? मालकी कुणाचीच नाही हा मुद्दा त्यांच्यासमोर पुढे करणे म्हणजे एक प्रकारे चलाखीच ठरेल. या देशात मालकी नाकारली गेली ती सर्वांत आधी त्यांनाच. गावाचे तळे गावाचे, पण त्यातले पाणी त्यांचे नाही, असा तो हिशेब होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात झाला, महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला, आणि तरीही 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. या पार्श्वभूमीवर लोहाराने, सोनाराने, एखाद्या गृहिणीने चारी दिशांना दिलेली पोढी हे नुसते पुरातत्त्व राहत नाही. पाणी अडवून ठेवता येते आणि मोकळेही ठेवता येते, आणि मोकळे ठेवण्याची रीत या मातीत दोन हजार वर्षांची आहे, याचा तो लेखी पुरावा आहे. म्हणून बौद्धांचा हक्क मी इतरांपेक्षा अधिक खोल मानतो. तो मालकाचा नाही, दाखला जपणाऱ्याचा आहे. त्या दाखल्यातच लिहिले आहे की येणाऱ्याला अडवू नका. वंदना करणाऱ्याजवळून जाताना डबा मिटून घेण्याइतकी जाण सहलीकराला असली तर दोघांचे भांडण व्हायचे कारण नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप. कुणाचेच नसलेले घर चालवायला कुणाची तरी शेती लागते. कान्हेरीच्या एका लेखात मंगलठाण गावातले शेत संघाला दिल्याचे नमूद आहे, आणि अभ्यासक ते गाव म्हणजे आजचे मागाठाणे मानतात, जिथे आता मेट्रोचे स्थानक आहे. ते शेत नांगरत कोण होते? त्याचे नाव लेखात नाही. ग्रेगरी शोपेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत दाखवून दिले की भारतातले विहार पैसा ठेवत, व्याज घेत, मालमत्ता सांभाळत, आणि भिक्षू स्वतःही दाते होते. म्हणजे एकेकटा भिक्षू निर्धन आणि संघ जमीनदार. ज्याला आपण मालकीशिवायचा भोग म्हणत होतो तो मालकी एका टप्प्याने लांब ढकलण्याचा प्रकार होता, असा निष्कर्ष निघतो. मला हा निष्कर्ष अर्धा पटतो. सामूहिक मालकी ही मालकीच, यात शंका नाही. पण वाटून घेता येत नाही, विकता येत नाही, वारसाला देता येत नाही, उद्या येणाऱ्या अनोळखी माणसाला नाकारता येत नाही, अशी मालकी आणि आपण सातबाऱ्यावर किंवा शेअर सर्टिफिकेटवर मिरवतो ती मालकी यांना एकाच नावाने संबोधून फारसे काही कळत नाही. भिक्षूने सोडले ते सुख नव्हते. दुसऱ्याला बाहेर ठेवण्याचा अधिकार सोडला होता. उद्यानाच्या सीमेवर आज जे मनोरे उभे राहतात त्यांच्या जाहिराती पाहिल्या की हा फरक लगेच उमगतो. तिथे विकले जाते ते रान नव्हे, खिडकीतून दिसणारे रान. आणि त्याची किंमत असते ती खालच्या मजल्यावरच्याला ते दिसत नाही म्हणून.

यावर कुणी म्हणेल, सहलीला जाणाऱ्याने काही सोडलेले नाही, त्याला परवडत नाही एवढेच. भिक्षूचे अकिंचनत्व व्रताचे, याचे परिस्थितीचे. कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागली म्हणून त्याला विरक्त म्हणायचे का? नाही. सहलीकर भिक्षू नव्हे. पण संध्याकाळी पाच वाजता, रखवालदाराची शिट्टी ऐकून, तो ते बाक, ती सावली, तो डोंगर जसाच्या तसा सोडून उठतो आणि त्याला आपले काही गेले असे वाटत नाही, ही गोष्ट किरकोळ नाही. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस तो लोकलच्या तिसऱ्या सीटवर, वाहनतळाच्या पट्ट्यावर आणि सोसायटीच्या गच्चीवर हक्क सांगत असतो. त्यागाचा सराव करायला एवढी स्वस्त, एवढी आनंदाची जागा दुसरी कुठे आहे? व्रत नसले तरी सराव असतो, आणि बहुतेक गृहस्थांच्या नशिबी धर्म म्हणून तेवढेच येते.

हे सगळे मांडून झाल्यावरही एक ठिकाण असे उरते की जिथे हा युक्तिवाद अडखळतो. कान्हेरीच्या वाटेवर आणि उद्यानाच्या पोटात वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. ही माणसे सकाळी येऊन संध्याकाळी जात नाहीत. उद्यान झाले त्याआधीपासून ती तिथे आहेत, आणि रान सर्वांचे झाल्यामुळे ती एकाएकी अतिक्रमण करणारी ठरू लागली. वीज, नळ, घराचे पक्के छप्पर, प्रत्येक गोष्टीसाठी त्यांना परवानगी मागावी लागते, ती अशा रानात जिथे शहरातला माणूस तिकीट काढून मालकीशिवायचे सुख चाखायला येतो. चुल्लवग्गाचा नियम इथे लावायचा तर फार जपून लावला पाहिजे. तो नियम ज्यांना दान मिळाले त्यांच्यासाठी होता, ज्यांची जमीन दान म्हणून दिली गेली त्यांच्यासाठी नव्हता. मंगलठाणचे शेत कसणाऱ्याला कुणी विचारले नसावे, तसे पाड्यावरच्यालाही विचारलेले नाही. सोडायला आधी हातात काही असावे लागते. अनाथपिंडिकाने जेतवनाच्या जमिनीवर नाणी अंथरली कारण त्याच्याजवळ नाणी होती. 2006 चा वनहक्क कायदा अशाच माणसांच्या दाव्यांसाठी झाला आहे. ते दावे नीट ऐकले जाऊन ज्याची घरजागा त्याच्या नावावर लागेपर्यंत पाड्यावर जाऊन कुणी चारी दिशांच्या घराबद्दल बोलू नये. मी तर नाहीच नाही.